पाचशे तास आणि एक उलटा सातिया

उज्जैनच्या माधव नगरात निहारिका करंदीकरला सगळे ‘पायलट’ म्हणायचे, आणि त्या हाकेनं तिचा रोज सकाळी तिळपापड व्हायचा. दूधवाला विचारायचा, ‘‘पायलट दीदी, आज एक लीटर की आधा?’’ समोरच्या मेडिकलवाल्याला तर विनोद सुचला की आवरत नसे. ‘‘दीदी, प्लेन कहाँ पार्क किया?’’

विमान नव्हतं, हेच तर दुखणं होतं. लायसन्स होतं. दोनशे चार तासांचं उड्डाण होतं, डॉक्टरांकडून दर वर्षी नवं करून आणायचं सर्टिफिकेट होतं, इस्त्री करून हँगरला लावलेला पांढरा शर्ट होता. पण कंपन्या म्हणायच्या, आधी अनुभव आणा. आता विमानात बसल्याशिवाय अनुभव येत नाही, आणि अनुभव नसला तर विमानात कोणी बसू देत नाही. इथेच घोडं पेंड खात होतं, आणि खाऊन खाऊन चांगलं लठ्ठ झालं होतं.

निहारिका लहानपणापासून पहिली येणारी मुलगी. अशा मुलींना दुसरी येणाऱ्या मुलीची फार सवय लागते. तिची दुसरी येणारी मुलगी म्हणजे मृण्मयी पोतनीस. दोघी पाचवीपासून एका बाकावर. दोघींनी बारावीनंतर एकाच वर्षी देवास रोडकडच्या हवाईपट्टीवरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथेही निहारिकानं एकटीनं विमान उडवलं ते मृण्मयीच्या तीन दिवस आधी, आणि ते तीन दिवस तिनं दागिन्यासारखे जपून ठेवले. मृण्मयीला त्याचं काही नव्हतं. ती उशिरा यायची, हसत यायची आणि तिचं विमान प्रत्येक वेळी दोनदा उतरायचं. एकदा टेकायचं, उसळायचं आणि मग विचार करून पुन्हा टेकायचं. इन्स्ट्रक्टर म्हणायचे, ‘‘पोतनीस, एका फीमध्ये दोन लँडिंग! बढिया है.’’

लायसन्स दोघींना मिळालं आणि दोघी घरी बसल्या. सोबतीनं घरी बसण्यात एक समाधान असतं. संध्याकाळी टॉवर चौकात उभं राहून कंपन्यांना शिव्या द्यायच्या, पोह्यांवर शेव जास्त मागायची आणि घरी जायचं. दोन वर्षं निहारिकाला मृण्मयी जगात सगळ्यांत जवळची वाटली, ती अशी.

मग भय्यासाहेब पोतनीसांनी देवास रोडचा प्लॉट विकला.

भय्यासाहेब मृण्मयीचे वडील. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी चाकरीला होते, आणि त्या चाकरीची ऐट भय्यासाहेबांच्या मिशीत अजून टिकून होती. जमिनीही दोन-तीन टिकून होत्या. ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन करंदीकरांकडे आले आणि सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाले, ‘‘सुधाकरराव, पोरीचं पक्कं झालं. बाहेरच्या देशातली कंपनी आहे. जेट विमान. आधी त्याचं ट्रेनिंग, मग को-पायलटच्या उजव्या सीटवर बसून पाचशे तास. खरे पॅसेंजर, बरं का! दिल्लीच्या एजंटानं सगळं जमवलं.’’

‘‘पगार किती देतायत?’’ निहारिकाच्या वडिलांनी विचारलं.

‘‘पगार काय घेऊन बसलात! पैसे आपण भरायचे. तासांचे.’’

सुधाकरराव बँकेत कॅशवर तेहेतीस वर्षं काढलेला माणूस. नगरहून बदली होऊन उज्जैनला आले आणि इथलेच झाले. नोट उलटसुलट करून बघावी तसं ते हे वाक्य बघत राहिले. ‘‘म्हणजे मागे बसलेल्यानं तिकीट काढलंय,’’ ते सावकाश म्हणाले, ‘‘आणि पुढे बसलेल्यानंही तिकीट काढलंय. मग भय्यासाहेब, चालवतंय कोण?’’

भय्यासाहेब गडगडून हसले. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली निहारिका हसली नाही. तिच्या हातात पेढा होता आणि तो तिला खाववत नव्हता. पाचशे तास! तीन दिवसांच्या दागिन्याची त्यापुढे काय किंमत? मृण्मयी जेट उडवणार, विमान दोनदा उतरवणारी मृण्मयी, आणि आपण मेडिकलवाल्याचे विनोद ऐकणार. पोटात काहीतरी पेटलं ते तिला स्पष्ट कळलं, आणि त्याला दुसरं नाव द्यायचा तिनं प्रयत्नही केला नाही. ती जळत होती.

मृण्मयी गेली त्या आठवड्यात निहारिकानं वडिलांपाशी विषय काढला. त्यांची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती.

‘‘बाबा, तुमचा फंड येईल ना. त्यातून माझे पण तास घेऊ. मी सगळं परत करीन.’’

‘‘तास घ्यायचे? भाजी आहे का ती?’’

‘‘सगळे घेतात आता. ज्यांच्याकडे तास आहेत त्यांनाच नोकरी मिळते.’’

‘‘हे बघ बेटा. शिकायला पैसे लागतात, ते मी दिले. घर गहाण टाकून दिले, कधी बोललो नाही. पण शिकून झालं की त्याला काम म्हणतात. नोटा मोजायचा अनुभव मिळावा म्हणून मी बँकेला पगार नाही दिला. आज तू पैसे भरून त्या सीटवर बसशील. उद्या तुझे तास भरले की ती कंपनी तुला उठवेल आणि पैसे भरणारा दुसरा बसवेल. नोकरी द्यायची गरजच काय तिला?’’

मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच निहारिकाला सहन झाला नाही. ‘‘तत्त्वं सांगायला काय लागतं?’’ ती म्हणाली. ‘‘भय्याकाकांनी सांगितली का? त्यांनी प्लॉट विकला. बाप असावा तर तसा.’’

आई, अलका, पोळी लाटता लाटता थांबली. सुधाकररावांनी चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाले, ‘‘उद्या बुधवार आहे. चिंतामणला जाऊन येऊ. तुझं डोकं शांत होईल.’’

चिंतामण गणेश म्हणजे उज्जैनकरांचा हक्काचा देव. लग्नाची पहिली पत्रिका त्याला, नव्या गाडीचा पहिला फेरा त्याच्याकडे. आणि मनात काही इच्छा असेल तर देवळाच्या मागच्या भिंतीवर शेंदरानं उलटं स्वस्तिक काढायचं. इकडे त्याला उलटा सातिया म्हणतात. इच्छा पुरी झाली की परत यायचं आणि सातिया सीधा काढायचा. ते चुकवायचं नसतं. देवाला मागून घेतलं आणि पोचपावती दिली नाही असं उज्जैनमध्ये कोणी करत नाही.

वडील नारळ घ्यायला थांबले. निहारिका मागे गेली. भिंतीवर शेकडो सातिये, एकावर एक. कोणाला मुलगा हवा होता, कोणाला मुकदमा जिंकायचा होता. तिनं पायलटच्या सवयीनं जागा हेरली. डावा कोपरा, खालून चौथा दगड, लोखंडी कडीच्या बाजूला. शेंदरात बोट बुडवलं. ‘मला नोकरी मिळू दे,’ हेच मागायला ती आली होती, देवाशपथ हेच मागायला आली होती. पण बोट दगडाला टेकलं आणि मनात जे आलं ते असं आलं: मृण्मयीचे पाचशे तास होऊ नयेत. तिला मिळू नये. मला नाही तर तिलाही नाही.

सातिया काढून झाला. बोट पुसायला रुमाल नव्हता, तिनं ते दगडालाच पुसलं. परत आल्यावर वडिलांनी विचारलं, ‘‘मागितलंस?’’ ती म्हणाली, ‘‘मागितलं.’’ त्यांनी समाधानानं नारळ फोडला.

मृण्मयीचे फोटो येऊ लागले. उजव्या सीटवरची मृण्मयी, खांद्यावर तीन पट्ट्या, मागे ढगांवरचं ऊन. खाली लिहिलेलं, ‘निहू, तू इथे हवी होतीस यार.’ माणूस प्रेमानं लिहितो आणि वाचणाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात, त्याला कोण काय करणार? निहारिका फोटो मोठा करून डायलांवरचे काटे कुठे आहेत ते बघायची. फ्लाइट किती लांबीची असेल याचा अंदाज बांधायची. आणि आपल्या लॉगबुकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं मृण्मयीचे तास लिहायची. पायलटचं लॉगबुक म्हणजे त्याची कुंडली. त्यात मिनिटाचंही खोटं लिहीत नाहीत. निहारिकाच्या कुंडलीत मागच्या पानावर दुसरीचेच ग्रह होते. बावीस. सत्तेचाळीस. एकशे नऊ.

तिचे स्वतःचे दोनशे चारच होते. घरी बसून डोकं फिरायला लागलं तेव्हा ती परत हवाईपट्टीवर गेली आणि मिळालं ते काम धरलं. हवामान लिहायचं, पेट्रोल मोजायचं, विमान उतरायच्या आधी जीपमधून धावपट्टीवरची नीलगाय हाकलायची. ‘‘पायलट दीदी गाय हाँक रही है,’’ असं चौकीदार म्हणाला तेव्हा ती जीपमध्येच रडली. पण काही महिन्यांनी चीफ इन्स्ट्रक्टरनी तिला असिस्टंट इन्स्ट्रक्टरचा कोर्स करायला सांगितलं. त्यात मुलांना शिकवता शिकवता आपलेही तास भरतात, आणि वर पगार मिळतो. पगार असा की पेट्रोल आणि पोहे सुटावेत. तरी पगारच. कोर्सची फी सुधाकररावांनी न बोलता भरली. ‘बाप असावा तर तसा’ या वाक्याबद्दल तिनं माफी मागितली नाही, कारण शेवटच्या पानावर तेव्हा एकशे साठ झाले होते.

आणि मग फोटो थांबले.

पंधरा दिवसांनी बातमी आईनं आणली, भाजी आणावी तशी पिशवीतून. मृण्मयीच्या कंपनीची विमानं भाड्याची होती. भाडं थकलं, मालकांनी विमानं नेली. कंपनीला कुलूप. दिल्लीच्या एजंटाचा फोन लागत नाही, ऑफिसात आता साड्यांचं गोदाम आहे. भरलेले पैसे बुडाले. मृण्मयी परत येते आहे.

‘‘किती तास झाले होते तिचे?’’ निहारिकानं विचारलं.

‘‘अगं, तास काय विचारतेस? पोर किती रडली असेल!’’

त्या दिवशी निहारिकाला आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झाला. संध्याकाळी ती तीन कचोऱ्या खाऊन आली, मेडिकलवाल्याच्या विनोदाला हसली. रात्री लॉगबुक उघडून पेन्सिलीच्या आकड्यांखाली तिनं रेघ ओढली, आणि रेघ ओढताना चिंतामणची भिंत आठवली. मग झोप लागली नाही. आपण मागितलं आणि ते झालं. बाप्पानं इतक्या इच्छांमधून हीच कशी उचलली?

मृण्मयी टॉवर चौकात भेटली, बारीक झालेली. पोहे हातात घेऊन ती म्हणाली, ‘‘एकशे ब्याऐंशी झाले निहू. पप्पांचा प्लॉट गेला. इथे एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेली, तर तो बुढ्ढा कॅप्टन विचारतो, ‘या तासांचे पैसे तुम्हाला मिळाले की तुम्ही दिले?’ मी सांगितलं, दिले. त्यानं फाइल बंद केली.’’

‘‘चूक झाली असं वाटतं?’’

मृण्मयीनं शेव चिवडली. ‘‘पैसे बुडाले त्याचं वाटतं. पप्पा आता घरात मान खाली घालून चालतात, त्याचं फार वाटतं. पण एकशे ब्याऐंशी तास मी ते जेट उडवलं यार. लँडिंगसुद्धा एकदाच व्हायला लागलं होतं माझं.’’ ती हसली, आणि निहारिकाच्या पोटातली विझलेली आग भसकन परत पेटली. सगळं गमावलेल्या मैत्रिणीचाही हेवा वाटू शकतो, हे तिला तेव्हा कळलं.

पुढे वर्षभर तसंच चाललं. मृण्मयी अधूनमधून हवाईपट्टीवर यायची. निहारिकाचे तास सातशे झाले, आठशे झाले. तरी मृण्मयी दिसली की शिकणारी मुलं तिच्याभोवती गोळा व्हायची. ‘‘दीदी, जेट में टेकऑफ कैसा लगता है?’’ आणि ज्यांना निहारिकानं एकेक गोष्ट हात धरून शिकवली होती त्यांची दीदी बाजूला उभी राहून विमानाच्या टाकीतलं पेट्रोल बाटलीत घेऊन पाणी आहे का ते बघत बसायची. एकदा त्यातल्याच एका मुलानं लॉगबुकात अठरा मिनिटं जास्त लिहिली. निहारिका त्याच्यावर इतकी ओरडली की चीफ इन्स्ट्रक्टर बाहेर आले. ‘‘जे झालं तेच लिहायचं!’’ ती म्हणत होती. ‘‘या पुस्तकात खोटं लिहिणारा पुढे कुठेही खोटं लिहितो.’’ अठरा मिनिटांसाठी एवढं? मुलाला काही कळलं नाही.

निहारिकाचे एक हजार बारा तास झाले आणि पत्र आलं. विमान कंपनीत निवड. ट्रेनिंगचा खर्च काही कंपनीचा, काही पगारातून कापायचा.

सुधाकररावांनी पत्र तीनदा वाचलं. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, आता मिशा असत्या तर त्यांनीही पिळल्या असत्या. पण ते बाल्कनीत जाऊन निहारिकाला हळूच म्हणाले, ‘‘एक सांगू? माझ्याकडे तेव्हा प्लॉट असता ना, तर मीही विकला असता. नव्हता, म्हणून तत्त्व सुचलं. तू हे भय्यासाहेबांना सांगू नकोस.’’ निहारिकाला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. ती पडली, आणि दोन वर्षं राहिलेली माफी तिनं मागून टाकली. एक हिशेब मिटला, असं तिला वाटलं.

‘‘आणि बुधवारी चिंतामणला जायचं,’’ सुधाकरराव डोळे पुसत म्हणाले. ‘‘सातिया सीधा करायचा आहे. मी विसरलो नाही.’’

निहारिकानं ट्रेनिंगची घाई सांगितली, पाळी आली असं सांगितलं, काही चाललं नाही. बुधवारी घरासमोर भय्यासाहेबांची जुनी गाडी उभी राहिली आणि चालवायला मृण्मयी. ‘‘मी पण येते. तुझी खुर्ची मला मिळते आहे हवाईपट्टीवर. इन्स्ट्रक्टरचा कोर्स चालू. आता पगार घेऊन तास भरणार, सीधा रास्ता,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्याच शिफारशीनं झालं, सर बोलले.’’

शिफारस निहारिकानं केली होती खरी. का केली होती ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

सुधाकरराव लाडवांच्या दुकानाकडे वळले. दोघी मागच्या भिंतीपाशी आल्या. मृण्मयीच्या हातात शेंदराची पुडी होती. ‘‘कुठे काढला होतास?’’

डावा कोपरा, चौथा दगड, लोखंडी कडी. दोन पावसाळ्यांत सातिया धुऊन गेला होता, वरून पाच-सहा नवे आले होते. फक्त तिनं बोट पुसलं होतं तो डाग राहिला होता.

‘‘काढ मग,’’ मृण्मयी म्हणाली. ‘‘काय शुद्ध मनानं मागितलं होतंस तू! माझ्या आईनं इथे तीन सातिये काढले, एक नाही लागला.’’

निहारिकानं शेंदरात बोट बुडवलं. नुसत्या चार रेघा होत्या. काढल्या असत्या आणि लाडू खाऊन घरी गेली असती तर जगात कोणाला कळलं नसतं. पण बोट दगडापाशी जाऊन अडलं. या चार रेघा म्हणजे पोचपावती. नोकरीची पोच इथे लिहिली तर ती खोटी, कारण नोकरी इथे मागितलीच नव्हती.

‘‘काय झालं?’’

‘‘मी माझ्यासाठी नव्हतं मागितलं, मृणू.’’

‘‘मग?’’

‘‘तुझे पाचशे तास होऊ नयेत, असं मागितलं होतं.’’

मृण्मयी भिंतीकडे बघत राहिली. शेजारी एक बाई उलटा सातिया काढून नाक घासत होती. ती उठून गेली. मग मृण्मयीनं विचारलं, ‘‘कधी?’’

‘‘तू गेलीस त्याच्या पुढच्या बुधवारी.’’

‘‘तेव्हा माझा एकही तास झाला नव्हता,’’ मृण्मयी म्हणाली. ‘‘म्हणजे बाप्पानं तुझं ऐकूनसुद्धा मला एकशे ब्याऐंशी दिले.’’

‘‘मृणू, मला माफ—’’

‘‘ते मग.’’ तिनं पुडी पुढे केली. ‘‘मागितलं ते झालं ना? मग सीधा कर. मी बघते.’’

निहारिकानं सातिया काढला. एक उभी रेघ, एक आडवी, मग चार टोकं, एकेक उजवीकडे वळवत. मृण्मयी प्रत्येक रेघ बघत होती. शेवटचं टोक पुरं होईस्तोवर निहारिकाला समोरचं काही दिसेनासं झालं होतं.

‘‘झालं का गं बेटा?’’ लाडवांची पिशवी सांभाळत सुधाकरराव कोपऱ्यावरून आले. चेहरा कसा फुलला होता.

निहारिकानं मनगटानं डोळे पुसले.

‘‘झालं, काका,’’ मृण्मयी म्हणाली, आणि निहारिकासाठी न थांबता गाडीकडे चालू लागली.